अकरा खुणा

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर नववा प्रश्न होता: आपल्याला उशी मऊ लागते की कडक? मी ‘मऊ’वर खूण केली आणि पेन तिथेच थांबलं. हा प्रश्न मी लिहिला होता. हा, याच्या खालचा, सकाळी किती वाजता उठवायचं तो, आणि पान उलटल्यावर येणारा, आमच्या हॉटेलबद्दल आपल्याला कुणाकडून कळलं तो, असे एकूण सव्वीस प्रश्न मी सहा वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या मागच्या खोलीत बसून, एकटीच हसत हसत लिहिले होते. त्यांच्या उत्तरांशी कुणालाही काही देणंघेणं नसतं. काउंटरसमोरच्या मोठ्या माणसाला कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसवायचं, सात-आठ मिनिटं गुंतवून ठेवायचं आणि तेवढ्यात त्याच्याबरोबरच्या पोरीला बाजूला घेऊन विचारायचं, एवढ्यासाठी तो फॉर्म. मी मान वर केली. माझी भाची काउंटरपाशी नव्हती. काउंटरवरची मुलगीही नव्हती. तिच्या जागी सामान उचलणारा एक माणूस उभा होता आणि आपण या बाईकडे बघत नाही आहोत असं दाखवत माझ्याकडेच बघत होता.

आधी मला हसू आलं. मग कान तापले. लिफ्टच्या शेजारी माझ्याएवढ्याच उंचीचा एक बोर्ड उभा होता. त्यावर माझा फोटो, पुस्तकाचं नाव, पुस्तकाची नववी आवृत्ती, आज संध्याकाळी पाच वाजता इथल्याच सभागृहात भाषण. चौदाव्या वर्षी विकली गेलेली, अठराव्या वर्षी बाहेर आलेली, तिशीत पुस्तक लिहिलेली बाई ती मी. पुस्तकानंतर मी गावोगाव हेच करते. हॉटेलातल्या काउंटरवरच्या पोरींना, बसच्या चालकांना, पोलिसांना समजावून सांगते की पळवून नेली जाणारी मुलगी कशी ओळखायची. आणि हे सगळं बोर्डावर छापलेलं असताना मला कुणी ओळखलं नव्हतं, कारण फोटोत मी बरी दिसते. फोटो काढला तेव्हा केस कुणीतरी नीट बसवून दिले होते आणि मी चार तासांचा प्रवास करून आले नव्हते. खोलीही संस्थेच्या नावावर होती. त्यात त्या मुलीचा काय दोष? पण त्या क्षणी मला तिचा इतका राग आला होता की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

मग सवयीने मी स्वतःकडे काउंटरच्या पलीकडून पाहिलं. या फॉर्मबरोबर हॉटेलांना आम्ही जे पत्रक देतो त्यात अकरा खुणा आहेत, त्याही माझ्याच. पाच जुळल्या की मुलीला बाजूला घ्या. पोरीची ओळखपत्रं माझ्या पर्समध्ये, माझ्या कागदांना रबर लावून एकत्र बांधलेली. तिचा फोनही माझ्याच पर्समध्ये. नाव विचारलं तिला, सांगितलं मी. वय विचारलं तिला, सांगितलं मी. कुठून आलात म्हटल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली, तर तेही मीच सांगितलं. अंगात नवा कोरा ड्रेस, घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या, कारण कार्यक्रमात नीट दिसावी म्हणून मी तो मुद्दाम घेतला आणि वाटेत बदलायला लावला. नवे बूट चावत होते म्हणून ती लंगडत होती. आणि हे कुठलं शहर, असं काउंटरवरच्या मुलीने सहज गप्पा मारल्यासारखं विचारलं तेव्हा माझ्या भाचीला ते सांगता आलं नाही. येणार कुठून? मी तिला सांगितलंच नव्हतं. गाडीत चढ म्हटलं, चढली. मी बोटांवर मोजलं तर सात झाल्या. माझ्याच पोटच्या पत्रकाने मला पकडलं होतं, आणि अगदी नियमाप्रमाणे.

उठून आरडाओरडा करावा, तर पत्रकात लिहिलंय: मोठा माणूस चिडला तर संशय वाढवा. हसून सहकार्य करावं, तर तेही लिहिलंय: मोठा माणूस फार गोड बोलायला लागला तर सावध व्हा. त्या पत्रकात निर्दोष माणसाला मी जागाच ठेवली नव्हती. तेव्हा मला वाटायचं, निर्दोष माणसाचं काय जातंय, आठ मिनिटं बसेल. म्हणून मी बसले. अंघोळीला पाणी किती गरम लागतं ते लिहिलं. खिडकी कुठल्या बाजूची हवी ते लिहिलं. आणि लिहिता लिहिता मला काकू आठवली. काकू म्हणजे आमच्या शेजारची बाई, जिने मला नेलं. तीही चिडायची नाही. तीही सगळीकडे नीट सही करायची. तिचं अक्षर फार सुंदर होतं, हे मी पुस्तकात घातलेलं नाही, कारण संपादक म्हणाले की वाचक गोंधळेल. काकूने मला शिवून घेतलेला नवा फ्रॉक घातला होता आणि पहिल्या मुक्कामाला, एका लॉजवर, जाड चष्म्याच्या कारकुनाने मला विचारलं होतं, “बाळ, या कोण तुझ्या?” मी म्हटलं, “काकू.” खोटं नव्हतं. त्याचं समाधान झालं, त्याने किल्ली दिली. पुस्तकात या कारकुनाला तीन ओळी आहेत, भाषणात पाच मिनिटं. त्याने आणखी एक प्रश्न विचारला असता, असं म्हणून मी थांबते आणि सभागृहात सुई पडली तरी ऐकू येईल इतकं शांत होतं. तो आणखी एक प्रश्न मी पत्रकात शेवटी, चौकटीत छापला आहे. तुला यांच्याबरोबर जायचंय का? हा प्रश्न आत्ता, कुठल्यातरी आतल्या खोलीत, माझ्या भाचीला विचारला जात होता.

घाबरायचं काही कारण नव्हतं. मी तिची सख्खी मावशी. तिला मी शिकायला घेऊन चालले होते, चांगल्या शाळेत, माझ्या घरी. वर्षभरापूर्वी एका व्यासपीठावर मला कुणीतरी विचारलं की पुढे काय करणार, आणि बोलण्याच्या भरात मी म्हणून गेले की माझ्या बहिणीची मुलगी चौदा वर्षांची होतेय, तिचं चौदावं वर्ष माझ्यासारखं जाऊ देणार नाही, तिला मी शिकवणार. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनंतर मी ताईला फोन केला. ताईने मुलीला सांगितलं ते बॅग भरायच्या दिवशी. असा तो क्रम होता, आणि तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही. माझीही बॅग आईने दहा मिनिटांत भरली होती. पुस्तकात आई फसवली गेली असं आहे. चौथं प्रकरण, लोक तेच वाचून रडतात. खरं तर आईला कुणी फसवलं नाही, कारण फसवायला तिने काही विचारावं तर लागतं. कुठे, कुणाकडे, किती दिवस, यातलं एकही तिने विचारलं नाही. काकू म्हणाली मोठ्या घरी राहील, शिकेल, आणि आई म्हणाली, “जा, बरं होईल तुझं.” वाईट बाई नव्हती. तिला एक तोंड कमी होत होतं आणि वर पुण्य मिळत होतं. पुढच्या चार वर्षांत, तीन शहरांतल्या, बाहेरून कुलूप लागणाऱ्या खोल्यांत, ज्या माणसांचा मला राग यायला हवा होता त्यांचा यायचा नाही, आईच्या त्या ‘बरं होईल’चा यायचा. अजून येतो. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी येतो.

सव्वीसाव्या प्रश्नापर्यंत पोचले तेव्हा काउंटरमागचं दार उघडलं. पुढे काउंटरवरची, मागे माझी भाची, आणि त्या दोघींना जवळजवळ ढकलत मॅनेजर. त्याने बोर्ड पाहिला होता, किंवा त्याला कुणीतरी दाखवला होता. “अहो मॅडम! तुम्ही? काय हे, मला आधी सांगायचं नाही का कुणी?” मग तिच्याकडे वळून, “डोळे आहेत की बटणं? एवढा मोठा बोर्ड दिसला नाही तुला? ज्यांनी शिकवलं त्यांनाच बसवून ठेवलंस?” ती मुलगी विशीची असेल. मान खाली, पण आवाज खाली नव्हता. “सॉरी मॅडम,” ती म्हणाली. “पण ती नाही म्हणाली.”

“कोण नाही म्हणालं?”

“ही. मी विचारलं, यांच्याबरोबर जायचंय का. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नाही म्हणाली.”

“पोरं काहीही बोलतात गं!” मॅनेजर हसला. “मॅडम, मनावर घेऊ नका.”

मुलीने नाही म्हटलं तर ते नाही समजा. मोठ्या माणसाला काय वाटतं ते विचारू नका. पत्रकाची शेवटची ओळ. ती काउंटरवरची माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात माफी नव्हती, ती वाट बघत होती. ज्या बाईने ही ओळ लिहिली ती बाई आता काय करते, एवढंच तिला बघायचं होतं. मलाही ते बघायचं होतं. ते एक ‘नाही’ खरं धरावं तर मुलगी परत जाणार, माझा शब्द खोटा पडणार, माझ्या घरी तिच्या अभ्यासासाठी घेतलेल्या नव्या टेबलाशी कुणी बसणार नाही. खरं धरू नये, तर मग मी आजवर गावोगाव जे सांगत आले त्याचं काय? मी माझा भाषणातला आवाज काढला. तो खालून, छातीतून येतो, मला तो कमवावा लागला आहे. “तू अगदी बरोबर केलंस,” मी तिला म्हणाले. “मला अभिमान वाटतो तुझा.” आणि म्हणता म्हणता भाचीचा दंड धरला. मॅनेजरला इतका आनंद झाला की त्याने फोटोच काढायला लावला. प्रशिक्षणाचा उपयोग होतो याचा पुरावा. एका बाजूला काउंटरवरची, एका बाजूला मी आणि मध्ये, घड्यांच्या ड्रेसमध्ये, नाही म्हणालेली मुलगी. दंड मी फोटोतही सोडला नव्हता, हे मला नंतर कळलं.

खोलीत आल्यावर ती पलंगाच्या कडेवर बसली आणि बूट काढायला लागली. टाचेला फोड आला होता. मी पर्समधून पट्टी काढून दिली, तिने ती स्वतःच लावली. मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि एक थोबाडीतही द्यायची होती. दोन्ही इच्छा एकदमच आल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

“नाही का म्हणालीस?”

“तिने विचारलं म्हणून.”

“म्हणजे? मी विचारलं नव्हतं?”

“तू सांगितलंस.” ती पट्टीची टोकं दाबत राहिली. “सुट्टीत पंधरा दिवस आले होते ना तुझ्याकडे. एकदा पण एकटी जिना उतरले नाही. खालच्या दुकानात जाऊ का म्हटलं तर तू पण चप्पल घालायचीस. बाथरूममध्ये पाच मिनिटं झाली की दार वाजवायचीस. समोरची ती पोरगी खेळायला बोलवायला आली, तर तिलाच विचारलंस, वडील काय करतात, घरी कोण कोण येतं. ती परत आलीच नाही.”

“मी ते तुझ्यासाठीच करते. तुला माहीत नाही माणसं कशी…”

“माहितेय. पुस्तक वाचलंय मी.”

ते पुस्तक ताईने कपाटात साड्यांच्या खाली लपवून ठेवलं होतं. मुलगी मोठी झाल्यावर देऊ असं आमचं दोघींचं ठरलं होतं. “सगळं?” मी विचारलं. माझा आवाज भाषणातला राहिला नव्हता.

“दोनदा. वाईट वाटलं मला. रडले पण.” मग तिने बूट पलंगाखाली सारले आणि अगदी साध्या, गणित समजावून सांगावं तशा सुरात म्हणाली, “पण ते तुझ्यावर झालं ना मावशी. माझ्यावर नाही झालं.”

पोलिसांना, वकिलांना, टीव्हीवरच्या माणसांना मी उत्तरं दिली आहेत. उलटतपासणीत वकिलाने मला विचारलं होतं की दार उघडं असताना तुम्ही पळाला का नाहीत, तर मी त्याला असं उत्तर दिलं होतं की तो खाली बसला. पण या पोरीला काय सांगणार? की मला माझ्या घरात कुणीतरी झोपलेलं हवंय, ज्याचा श्वास मला ऐकू येईल आणि ज्याच्या दाराची कडी माझ्या हातात असेल? की वीस वर्षं झाली तरी जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून बसते आणि तू असलीस तर निदान उठण्याला काही कारण होईल? लोकांना वाटतं मी तिला वाचवायला निघाले. मलाही तेच वाटत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आई दुसऱ्यांना म्हणायची. मी चिडून फोन उचलला आणि ताईला लावला. स्पीकरवर लावला. तिची आई दोन शब्द मायेने बोलली की पोरगी वितळेल, हा माझा हिशोब.

“ती नाही म्हणतेय यायला,” मी म्हणाले.

“कुणी विचारलं तिला?” ताईचा पहिला प्रश्न तोच. मागे भांडी आपटल्याचा आवाज आला. “पोरांना विचारून का कुणी काही करतं? तिला काय कळतंय आपलं भलं कशात आहे. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तू घेऊन जा. आणि हे बघ, परत पाठवू नकोस गं. इथं मी तिची खाट काढली पण. धाकटे दोघं झोपतात आता तिथे. पुन्हा सगळं हलवायचं म्हणजे… आणि सुटले गं मी थोडी. एवढंच सांगते तुला. कुणाला बोलू नकोस.”

“ताई, ती ऐकतेय.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग ताई म्हणाली, “जेवलात का तुम्ही?”

मी फोन ठेवला. भाची खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत आणि पाण्याचा पाइप. ती रडत नव्हती. रडली असती तर मला जमलं असतं, रडणाऱ्या मुलींशी कसं बोलायचं याचं मी प्रशिक्षण देते. मी तिला म्हणायला हवं होतं की चल, आत्ता निघू, तुझ्या आईच्या दारात मी तुझ्याबरोबर उभी राहते, खाट मी मांडते. किंवा म्हणायला हवं होतं की ये माझ्याकडे, पण किल्ली तुझ्या हातात, जिना तुझा, मैत्रिणी तुझ्या, मी रात्रभर जागी बसेन पण दार वाजवणार नाही. ही दोन्ही वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. भाषणात मी याहून अवघड वाक्यं सहज बोलते. पण पावणेपाच झाले होते, खालून दोनदा बोलावणं आलं होतं, आणि मी म्हणाले, “कार्यक्रम होऊ दे. मग बघू आपण.”

“बरं,” ती म्हणाली. मग पलंगाखालचे बूट काढून तिने न सांगता पायात घातले.

सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगांत हॉटेलांचे कर्मचारी, आपापल्या गणवेशात, मांडीवर माझं पत्रक घेऊन. भाचीला व्यासपीठावर माझ्याशेजारी खुर्ची ठेवली होती. ही कल्पना संस्थेच्या अध्यक्षबाईंची. अध्यक्षबाई मनाने चांगल्या आहेत, त्यांना गोष्ट सांगायला फार आवडतं, आणि मॅनेजरने दुपारचा प्रकार त्यांना रंगवून सांगितला होता. त्यांनी सुरुवातच तिथून केली. “आज काय गंमत झाली माहितेय? यांच्याच पत्रकाने यांनाच पकडलं!” लोक हसले. उशीचा प्रश्न सांगितला, तेव्हा आणखी हसले. मीही हसले, अशा वेळी हसणारी बाई लोकांना आवडते. काउंटरवरची मुलगी मागच्या दाराशी उभी होती, मॅनेजरने तिला मुद्दाम बोलावलं होतं. अध्यक्षबाईंनी तिच्यासाठी टाळ्या मागितल्या, त्या पडल्या. पण भाची नाही म्हणाली होती, हे मॅनेजरने अध्यक्षबाईंना सांगितलेलं दिसत नव्हतं, कारण त्या माइक घेऊन सरळ तिच्यापुढे आल्या आणि म्हणाल्या, “मग आता सगळ्यांच्या समोर तिलाच विचारू या. काय गं, जायचंय ना मावशीबरोबर?”

चारशे माणसं. माझ्या मनात आलं, म्हण. आत्ता म्हण नाही. इथे म्हणालीस तर कुणाला नाकारता येणार नाही, मलाही नाही. देवाशपथ, मला ते हवं होतं. आणि त्याच वेळी, तेवढ्याच जोराने, तिने ते म्हणू नये असंही मला हवं होतं, आणि यातलं कुठलं जास्त हवं होतं ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

तिने माइक दोन्ही हातांनी धरला. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. समोर, लोकांच्या डोक्यांवरून, नेमकं बघावं तिथे बघत, स्वच्छ, घोटून आल्यासारख्या आवाजात म्हणाली, “हो. जायचंय. मावशी माझ्यासाठी खूप करते. मी खूप शिकणार आहे.” वाक्यं कुणी शिकवली नव्हती. दुपारी खिडकीशी उभं राहून, पाइपाकडे बघत, तिने ती स्वतःच बनवली असणार. हा आवाज मी ओळखते. आपल्याला कुठूनही न्यायला कुणी येणार नाही हे एकदा पक्कं कळलं की तो येतो. मला तो यायला पाच-सहा महिने लागले होते. तिला दोन तास लागले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं, काही बायका डोळे पुसायला लागल्या, अध्यक्षबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. टाळ्या मीही वाजवत होते.

ती खुर्चीत बसली, ड्रेस गुडघ्यांवर सारखा केला आणि टाळ्या चालू असतानाच माझ्या बाजूला थोडी झुकून हळूच विचारलं, “बरोबर बोलले ना?”

समोरून फोटो काढत होते. मी मान डोलावली.